साधी गाठ

आमच्या घराण्यात आजवर कुणालाही गॅस आणि अशक्तपणा यांपलीकडे काही झालेलं नाही. माणसं मात्र जायची तशी गेली. थोरल्या काकांना गॅस होता, ते अंघोळीला गेले ते परत आलेच नाहीत. आत्याला अशक्तपणा होता, शेवटी तिला पाणीही गिळवेना. रोग्याला त्याच्या रोगाचं नाव सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. डॉक्टरला बाहेर गाठायचं, सगळं ऐकून घ्यायचं, डोळे पुसायचे आणि आत येऊन म्हणायचं, "काही नाही, साधंच आहे." आमच्या पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादच्या कोर्टकचेऱ्यांत गेल्या. दिवसभर खऱ्याखोट्याचा कीस पाडणारी माणसं घरी आली की हे नाटक बिनबोभाट वठवायची आणि त्याला माया म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, गालाच्या आतून गाठ निघाली. तेव्हा या रीतीनं आमचाच गळा धरला.

संक्रांतीचे दिवस होते. विद्यानगरच्या घरात आता मी आणि अप्पा दोघंच. मी लग्न केलं नाही, नारायणगुड्याच्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि आई गेल्यापासून अप्पांचं सगळं मीच बघते. धाकटा भाऊ गच्चीबोवलीला, कम्प्युटरच्या नोकरीत. शहर एकच, पण तो येणार म्हणजे सण असल्यासारखा. शेजारच्या बाईंनी डबा भरून सकिनाल दिले होते. तांदळाच्या पिठाच्या त्या कडक चकल्या अप्पांच्या फार आवडीच्या. पहिलाच तुकडा मोडला आणि त्यांनी गाल धरला. बेसिनपर्यंत जाईतो सदरा लाल झाला होता. मी बर्फ लावला, कापूस दाबून धरला, तरी रक्त थांबता थांबेना. अप्पा हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेतात, त्यामुळे तर आणखीच. शेवटी थांबल्यावर मी टॉर्च लावून तोंडात पाहिलं. दाढेच्या समोर, गालाच्या आतल्या बाजूला, जांभळाएवढी आणि जांभळाच्याच रंगाची गाठ होती.

"कधीपासून आहे ही?" मी विचारलं.

"आहे बरेच दिवसांची," अप्पा म्हणाले. "दुखत नव्हती. कायकू सांगायचं?"

अप्पांनी आबिड्सच्या चेंबरमध्ये उमेदीची सगळी वर्षं वकिली केली आणि वकिलीच्या जोडीनं जर्दाही खाल्ला. आई गेल्यावर एकाएकी सोडला, पण तोवर जे व्हायचं ते झालेलं असणार, असं आम्ही सगळेच मनात धरून होतो. नारायणगुड्याच्या दातांच्या डॉक्टरनं आत पाहिलं, जर्द्याचं विचारलं आणि तो एकदम गोड बोलायला लागला. डॉक्टर गोड बोलायला लागला की आम्ही काय ते समजून चुकतो. त्यानं मला बाहेर बोलावलं आणि मोठ्या हॉस्पिटलात तोंडाच्या सर्जनकडे लगेच जायला सांगितलं. घरी येताना अप्पांनी विचारलं, "काय म्हणू लागला तो?" मी म्हटलं, "काही नाही, दातानं चावलं गेलंय. मोठ्या डॉक्टरला एकदा दाखवा म्हणाला." रीत अंगात किती मुरलेली असते बघा. भावानं तर फोनवर पहिलं वाक्य तेच टाकलं, "ताई, अप्पांना अजिबात काही बोलू नको हं." जसं काही मी दवंडी पिटायलाच निघाले होते.

सर्जनबाई तरुण होत्या, तेलुगू, कामापुरतं बोलणाऱ्या. मला तशीच माणसं बरी वाटतात. त्यांनी गाठीला सुई लावायची घाई केली नाही. काचेची छोटी पट्टी घेतली आणि गाठीवर हलकेच दाबली. जांभळा रंग उडाला, गाठ पांढुरकी पडली. काच उचलली तशी पुन्हा भरून आली. मला जवळ बोलावून त्यांनी ते परत करून दाखवलं. आत रक्तच आहे, दाबलं की सरतं, सोडलं की येतं, असं त्यांनी हैदराबादी हिंदीत सांगितलं. मग सोनोग्राफी झाली, तिच्यात रक्त कुठून कुठे जातं ते रंगांत दिसतं. मग एमआरआय झाला. तुकडा काढून तपासणार नाही का, असं मी विचारलं, कारण कॅन्सरच्या शंकेला तुकडा काढतात एवढं मला आईच्या वेळेपासून ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "असल्या गाठीला चाकू लावला तर रक्त आवरत नाही, आणि अंकलना ती गोळी चालू आहे. चित्रं स्पष्ट आहेत. उगाच कापणार नाही."

सगळे फोटो आल्यावर त्यांनी अप्पांना समोर बसवलं आणि मला सोडून थेट त्यांच्याशीच बोलल्या. हे मला फार आवडलं. "अंकल, ये कॅन्सर नहीं है," असं आधीच सांगून टाकलं. मग म्हणाल्या, ही रक्तवाहिन्यांची गाठ, हिमॅन्जिओमा म्हणतात, लहान मुलांत दिसते, या वयात आणि गालात अशी क्वचितच. गाठीत इंजेक्शनं देऊन ती सुकवू, लहान झाली की उरलेली काढून टाकू. शेवटी तेलुगूत, "एमी लेदंडी," म्हणजे काही नाही हो.

मला तिथेच खुर्चीत रडू फुटलं. इतके दिवस धरून ठेवलं होतं. मी अप्पांचा हात धरला आणि म्हटलं, "ऐकलंत ना अप्पा? साधी गाठ आहे."

अप्पांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळून हात जोडले. "हौ," ते म्हणाले. "साधी गाठ. शुक्रिया."

त्यांचा चेहरा एकदम निवांत झाला. मी त्याला समाधान समजले.

आता आईचं सांगायला हवं. आईच्या पोटातल्या गाठीला आम्ही हेच दोन शब्द वापरले होते. डॉक्टरांनी तिचं पोट उघडलं, पाहिलं आणि काही न काढता परत शिवलं, कारण काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. अप्पांनी आम्हा भावंडांना हॉस्पिटलच्या जिन्यात उभं करून शपथ घातली. मग आत गेले, आईच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "साधी गाठ निघाली. कापायचीसुद्धा जरूर नाही म्हणाले, औषधानं जिरून जाईल." आईला इंग्रजी येत नव्हतं. अप्पा तिला रिपोर्ट वाचून दाखवायचे, ओळीखाली बोट फिरवत, आणि मनाला येईल ते बोलायचे. केमोच्या सलाईनला ताकदीची सलाईन म्हणायचे. केस गेले ते औषधाच्या उष्णतेनं. दोन वर्षं त्यांनी हे निभावलं आणि कुठे अडखळले नाहीत. आई गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते एकच सांगत, "तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. शांत गेली." जिंकलेल्या खटल्यांबद्दलही त्यांनी कधी इतक्या अभिमानानं सांगितलं नसेल.

तेव्हा आता साधी गाठ, कापायची घाई नाही, औषधानं सुकेल, हे अप्पांनी ऐकलं आणि हात धरून रडणारी मुलगी पाहिली. त्यांनी त्यातून काय घेतलं असेल ते मला घरी आल्यावर हळूहळू कळायला लागलं.

ते चिडले नाहीत, वाद घातला नाही. उलट फार गोड वागायला लागले. जन्मभर ज्यांनी ताटातल्या मिठालाही नावं ठेवल्याशिवाय सोडलं नाही, ते भाजी करपली तरी बोलेनात. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते "दिसू लागलंय तेवढं बस आहे" म्हणून रद्द केलं. कायद्याची पुस्तकं ऑटोत घालून जुन्या ज्युनिअरकडे पाठवून दिली, काळा कोटही इस्त्री करून पुस्तकांसोबत दिला. एके दिवशी मला शेजारी बसवून कपाटाची कुठली किल्ली कुठल्या खणाची ते समजावायला लागले. मी म्हटलं, "अप्पा, हे काय चाललंय?" तर म्हणतात कसे, "काही नाही बेटा. साधंच आहे."

पहिलं इंजेक्शन झालं. आधी सूज येईल, मग गाठ आक्रसेल, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. सूज आली ती अशी, की अर्धा चेहरा ओळखू येईना. डोळा बारीक झाला, खाणं म्हणजे पेज आणि ताक. अप्पा आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वाढू लागली." मी मागूनच ओरडले, "वाढत नाहीये, सूज आहे ती. तुमच्यासमोर सांगितलं होतं त्यांनी." अप्पा म्हणाले, "हौ, हौ. सूज." या समजूतदारपणाचा मला इतका संताप यायचा की भांडी आपटावीशी वाटत, आणि मी आपटलीही. शेजारच्या बाई विचारायला आल्या, काय पडलं म्हणून.

सूज उतरली आणि गाठ खरंच लहान झाली. मी टॉर्च धरून, आरसा धरून त्यांना दाखवली. त्यांनी पाहिली नाही, पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी मात्र ते कपडे घालायलाच तयार होईनात. "नक्को," ते म्हणाले. "तुझ्या आईला मी लई सुया टोचवल्या. काय झालं? जे व्हायचं ते इथे घरात होऊ दे."

भाऊ आला. लॅपटॉप उघडून त्यानं अशा गाठींचे फोटो दाखवले, पुण्याच्या एका डॉक्टर मित्राला व्हिडिओवर बोलावलं, रिपोर्ट हातात दिला. अप्पांचं इंग्रजी आमच्या दोघांपेक्षा चांगलं. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि घडी घालून परत दिला. "चांगला आहे," ते म्हणाले. "पण कागदाचं काय, पाहिजे तसा करून आणता येतो. मी उमरभर कागदच पाहिले." भाऊ काकुळतीला आला, त्यानं आपल्या मुलांच्या शपथा घेतल्या. तेव्हा अप्पा वाकड्या तोंडानं हसले. "बेटा, एक कोर्टातली गोष्ट सांगतो. साक्षीदार लई आणले की समजायचं, केस कच्ची आहे."

भाऊ बाहेर गाडीत जाऊन रडला. मला रडू आलं नाही, राग आला. पेरलं तेच उगवलं, असं मी मनात म्हटलं. यांनीच आम्हाला जिन्यात उभं करून खोटं बोलायला शिकवलं, आणि आता आम्ही घसा फोडून खरं बोलतो तर यांना त्यात आपलीच शिकवण दिसते. पण राग कितीही आला तरी माणूस आपला असतो. ते संध्याकाळी अंगणातल्या खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे, कुणी बोलवायला येणार असल्यासारखे, आणि मला स्वयंपाकघरातून ते बघवायचं नाही.

मग एकदा नुसत्या वरणभातावर गाठ चावली गेली. या वेळी रक्त घशात उतरलं, जबर ठसका लागला, अप्पा निळे पडले. मी त्यांना ओणवं करून पाठीवर थापट्या मारत राहिले, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, गाठ साधी आहे, पण अंकलचं वय आणि ती गोळी साधी नाही. हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलले, गोळी बंद करता येत नाही. झोपेत असं झालं आणि रक्त श्वासात गेलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही. काहीही करून त्यांना आणा." म्हणजे कॅन्सर नसलेला माणूस, आपल्याला कॅन्सर आहे या खात्रीपायी जाणार होता.

त्यांना पटेल असं माझ्याकडे एकच होतं आणि ते माझं नव्हतं, आईचं होतं.

आई गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तिच्या पाठीला तेल लावत होते. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "मला कॅन्सर आहे ते मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे गं. वॉर्डातल्या बायका काय मुक्या असतात का? यांना सांगू नको. मला कळलंय हे यांना कळलं तर मोडून पडतील. इतकं जिवापाड करू लागलेत, करू दे." मी तोंड उघडलं तर म्हणाली, "पुरे तेल. कुकर लाव जा." पुढे मी तो विषय काढायला गेले की ती मला भाजी निवडायला बसवायची, नाहीतर झोपल्याचं सोंग घ्यायची. त्यावर पुन्हा एक शब्द ती बोलली नाही आणि तिनं मला बोलू दिला नाही.

त्या दुपारी अप्पा बाहेरच्या खोलीत बसले होते, गालात कापूस धरून. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"अप्पा, मी तुमच्याशी खोटं बोलत नाहीये. खोटं बोलून काही लपत नाही, ते मी आपल्याच घरात पाहिलंय. आईला सगळं माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कॅन्सर. पहिल्या महिन्यापासून."

आणि मग तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. अप्पांनी माझी उलटतपासणी सुरू केली, अगदी चेंबरमधल्या आवाजात. केव्हा म्हणाली? कुठे बसली होती? मी तेव्हा कुठे होतो? तू आजवर का बोलली नाहीस? मी एकेकाचं उत्तर दिलं. तिनं सांगू नको म्हटलं होतं, म्हणून. तुम्ही आबिड्सला गेला होतात. मी उत्तर देत गेले तसतसा त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"रिपोर्ट वाचायचो ना मी," शेवटी ते म्हणाले, "तेव्हा ती कागदाकडे बघायचीच नाही. माझ्या तोंडाकडे बघायची. मला वाटायचं, ध्यान देऊन ऐकू लागली."

मला वाटलं, उठावं आणि निघून जावं. बोललेलं परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती, की ती निर्धास्त गेली, आणि ती मी काढून घेतली होती.

"हे तू खोटं बोलणार नाहीस," अप्पा म्हणाले. "हे बोलून तुला काय मिळणार?" कापूस काढून त्यांनी हातात धरला होता. "म्हणजे माझी खरंच साधी आहे."

"खरंच साधी आहे."

"हौ," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. जीव वाचल्याचा आनंद त्या चालण्यात कुठे नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ते कपडे करून, चपला घालून बसले होते. दुसरं इंजेक्शन झालं, पुन्हा सूज आली, पुन्हा उतरली. या खेपेला ते चिडचिड करायला लागले, पेजेला नावं ठेवायला लागले, आणि मला बरं वाटलं. गाठ वाटाण्याएवढी राहिली तेव्हा डॉक्टरांनी ती भूल देऊन काढली, तिच्या मुळाशी असलेल्या वाहिन्या बांधून टाकल्या. रक्त फारसं गेलंच नाही. काढलेली गाठ तपासायला पाठवली, तिथूनही तेच आलं जे त्या पहिल्यापासून सांगत होत्या. टाके विरघळले. आत आता एक पांढरी रेघ तेवढी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं. भावानं पेढे आणले. अप्पांनी एक घेतला, निम्मा खाल्ला.

बाहेरच्यांना वाटतं, म्हातारा मरणाच्या दारातून परत आला. विचारपूस करायला एक जुने वकील आले होते. बोलता बोलता म्हणाले, वहिनींचं किती शांत झालं होतं, तुम्ही त्यांना काही कळू दिलं नाही. अप्पा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत चहाचं बघतो म्हणून उठले. चहा मीच करते, हे त्या गृहस्थांना माहीत होतं. ते गेले तरी अप्पा आतून बाहेर आले नाहीत.

शेवटच्या तपासणीहून आम्ही परत येत होतो. डॉक्टरांनी आता यायची गरज नाही म्हणून सांगितलं होतं. नारायणगुड्याच्या पुलाखाली ऑटो अडकून पडला, पुढे बस, मागे बस. अप्पा बाहेर बघत होते.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "घरात आपण सगळे होतो. आणि ती एकटीच होती."

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

"तुला सांगितलं होतं ना तिनं," ते माझ्याकडे वळले. "मग तू बोलायचीस ना तिच्याशी त्याच्यावर? भीती वाटायची असेल तिला. काही विचारायचं असेल. तू होतीस ना?"

"होते ना अप्पा," मी म्हटलं. "आम्ही खूप बोलायचो. तुम्ही चेंबरला गेलात की रोज बोलायचो."

अप्पांनी डोळे मिटले आणि माझा हात धरला. इतके दिवस खरं सांगून त्यांना पटलं नव्हतं. हे मात्र लगेच पटलं.